लांकूडसामानावरील किड्यांचे डाग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आमच्या यजमानांनीं मला विचारलें, "डाग पुसण्यावर इतका वेळ बोलायचें काय आहे? फडकें घ्यावें आणि पुसावें." हाच उपदेश मीं स्वतःला पुष्कळ वर्षें केला, आणि त्या उपदेशापायीं एक झोपाळा, एक दाराची चौकट आणि कागदांनीं भरलेलें एक कपाट एवढ्या वस्तूंचें नुकसान करून बसलें. तेव्हां फडकें हातांत घेण्यापूर्वीं काय पाहावयाचें असतें, एवढेंच सांगण्याचा आज माझा विचार आहे.

मी राहतें अंबरनाथला. माझें माहेर बदलापूरचें. आणि लांकूडसामान घ्यावयाचें किंवा दुरुस्त करावयाचें झालें, कीं या दोन्ही गांवांतील माणसांचीं पावलें उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराकडे वळतात. कल्याण सोडून आगगाडी पुढें निघाली कीं विठ्ठलवाडीनंतर हीं तीन स्थानकें एकामागून एक लागतात. जून महिना उजाडला, कीं तिन्ही गांवांतील हवा सारखीच ओली होते. कपाटांचीं दारें फुगून बसतात, खण ओढला तर ओढवत नाहीं, आणि भिंतींना पाठ लावून उभें असलेलें सामान चार महिने कोणी हलवीत नाहीं. त्या काळांत त्याच्यामागें कोण कोण येऊन राहून गेलें, तें नवरात्राच्या आधीं साफसफाईला हात घालावा तेव्हां दिसतें. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मधील शिलालेखाची साक्ष देत अद्याप उभें आहे. परंतु तें पडलें दगडाचें! तुमच्याआमच्या घरांतील चौकटींना व कपाटांना तें भाग्य नाहीं.

पहिली गोष्ट झोपाळ्याची. माझ्या सासूबाईंचा सागवानी झोपाळा माजघरांत टांगलेला असे. त्याच्या फळीच्या कडेला माशांच्या विष्ठेचे मोहरीच्या दाण्याहून लहान असे काळपट ठिपके ओळीनें पडलेले होते. माशी दिवसां कोठेंहि बसते, परंतु रात्रीं विसाव्याला तिला कडा, दोऱ्या, विजेच्या तारा अशा जागा आवडतात. म्हणून हे डाग नेहमीं कडांवरच दाट असतात. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशीं मीं कढत पाण्यांत धुण्याचा सोडा घातला आणि काथ्यानें ती कड जोर लावून घांसली. ठिपके गेले. त्यांच्याबरोबर हातभर लांबीची चकाकीहि गेली, आणि लांकूड वाळलें तेव्हां त्या जागीं पिठूळ पांढरा पट्टा उमटला. सासूबाई रागावल्या नाहींत. "अग, त्याला पॉलिश होतें ना?" एवढेंच म्हणाल्या. तें मला अधिक लागलें.

उल्हासनगरच्या बाजारामागील एका गल्लींत त्या काळीं एक वृद्ध पॉलिशवाले बसत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत ज्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला, त्यांपैकीं एका कुटुंबांतून ते लहानपणीं आलेले होते. त्याच छावणीला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांनीं झोपाळ्याच्या कडेवरून अंगठा फिरविला आणि आपल्या सिंधी वळणाच्या मराठींत म्हणाले, "ताई, माशीनें टाकलेलें किड्याचें होतें, आणि तुम्ही घांसून काढलेंत तेंहि किड्याचेंच होतें." मला उलगडा होईना. तेव्हां त्यांनीं एका डब्यांतून काढून तांबूस पिंवळ्या, अभ्रकासारख्या पातळ पापड्या माझ्या तळहातावर ठेविल्या. ती चपडा लाख होती.

लाख हा शब्द आपण महाभारतांतील लाक्षागृहापासून ऐकत आलों आहोंत, परंतु आपल्या बैठकींतील खुर्चीवर तीच लाख बसली आहे हें कितीकांच्या ध्यानांत असतें? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर लाखेचे अगदीं बारीक किडे हजारोंनीं चिकटून राहतात, झाडाचा रस शोषतात, आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच निर्माण करतात. तें कवच खरवडून, धुऊन, वितळवून त्याच्या पापड्या करतात. झारखंड व छत्तीसगड हे या धंद्याचे मुख्य प्रदेश होत. रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं संस्था स्थापन झाली, ती आज निराळ्या नांवानें चालू आहे. आपल्या आजोबांच्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतहि लाख असे. तेव्हां गाणेंहि एका अर्थीं किड्यांच्याच कृपेनें ऐकूं येत होतें म्हणावयाचें! आमचे पॉलिशवाले सांगत, कीं त्यांच्या सिंधमध्यें हाला गांवचे कारागीर पाळण्यांना आणि पलंगाच्या पायांना रंगीत लाख चढवीत, आणि तसल्या कामाची आठवण त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत होती.

ही लाख स्पिरिटमध्यें विरघळवून लांकडावर कापसाच्या बोळ्यानें थरावर थर चढविला, कीं त्याला आपण स्पिरिट पॉलिश म्हणतों. आतां ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं लाखेला तीन शत्रु आहेत. स्पिरिटनें ती पुन्हां विरघळते. सोडा, अमोनिया, टाकणखार यांसारख्या क्षारांच्या पाण्यानें ती सुटते. आणि उष्णतेनें ती मऊ पडते व ओल शिरली तर पांढरी होते. चहाच्या कढत पेल्याचें वर्तुळ मेजावर उमटतें, तें यामुळेंच. मीं कढत पाणी आणि सोडा यांची एकदमच मदत घेतली होती. इतक्या दक्षतेनें कोणी शत्रूहि आणीत नाहीं.

म्हणून कोणताहि डाग काढण्यापूर्वीं, तो ज्यावर पडला आहे तें काय आहे, हें पाहावें. सामानाच्या मागच्या किंवा खालच्या बाजूस, जेथें नजर जाणार नाहीं अशा जागीं, पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो लगेच आंत जिरून लांकूड गडद झालें, तर तें कोरें आहे किंवा त्यावरचें तेल उडून गेलें आहे. थेंब मोत्यासारखा वरच राहिला तर त्यावर कांहीं लेप आहे. मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तेथेंच हलकें टेंकवावें. तें चिकट लागलें व कापूस पिंवळसर झाला, तर लाख समजावी. कांहींच झालें नाहीं, तर बहुधा अलीकडच्या कारखान्यांतील कृत्रिम वार्निशाचा लेप असतो. तो पुष्कळ अधिक सोशिक असतो, परंतु एकदां चरा पडला तर त्याची दुरुस्ती घरीं होत नाहीं. लाखेची होऊं शकते. या एका गुणासाठीं मला अजून जुनें पॉलिशच आवडतें. हा माझा पक्षपात समजा.

माशांचे डाग लाखेवर असोत वा वार्निशावर असोत, ते वाळलेल्या अन्नरसाचे व विष्ठेचे असतात. तें सारें पाण्यानें भिजतें. त्यांना जोर नको, वेळ हवा. प्रथम कोरड्या मऊ ब्रशानें धूळ झाडावी, नाहींतर तीच धूळ वाळूच्या कागदाचें काम करते. मग जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा साध्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळून घ्यावा आणि डागावर दोन मिनिटें नुसता ठेवावा. उचलून पाहावें. ठिपका मऊ झाला नसेल तर पुन्हां दोन मिनिटें. हट्टी असेल तर त्याच पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकावा. धुण्याचा साबण किंवा सोडा मात्र नव्हे. मऊ झालेला ठिपका उचलण्यास सुरी, नख किंवा तारेची घांसणी लावूं नये. गूल मोडून टाकलेली काडेपेटीची लांकडी काडी यासाठीं उत्तम. अंबरनाथकरांना काडीचें महत्त्व मीं सांगावयास नको. येथील विम्को काडेपेट्यांचा कारखाना बंद होऊन गेला तरी नाक्याला त्याचेंच नांव आहे. काडी लांकडाच्या रेषांच्या दिशेनें चालवावी, आडवी चालवूं नये. आणि पुसून झालें, कीं कोरड्या फडक्यानें ती जागा लगेच टिपून घ्यावी. एका वेळीं वीतभर जागा हातीं घ्यावी. साऱ्या कपाटाला एकदम ओलें करण्याची घाई करूं नये.

कोऱ्या लांकडावर, म्हणजे देव्हाऱ्याची मागची फळी, पाट, फळ्यांच्या खालच्या बाजू अशा ठिकाणीं, डाग रेषांमध्यें शिरलेला असतो. तेथें साबणाचें पाणी चालतें. त्यानंतरहि छटा राहिलीच तर औषधांच्या दुकानांत मिळणारें तीन टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड कापसानें लावून ठेवावें. तें डागाबरोबर लांकडालाहि फिकें करतें, म्हणून आधीं आडबाजूस लावून पाहावें. वाळल्यावर बारीक पॉलिश कागद हलक्या हातानें रेषांच्या दिशेनें फिरवावा आणि मग जवसाचें तेल द्यावें. येथें एक सूचना देऊन ठेवतें. जवसाच्या तेलांत भिजलेलीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीं, किंवा पाण्यांत बुडवून मग टाकावीं.

झुरळांची गोष्ट थोडी निराळी आहे. स्वयंपाकघरांतील कपाटाच्या बिजागऱ्यांजवळ, खणाच्या मागच्या कोपऱ्यांत, जे तपकिरी ओघळ आणि मिऱ्यांच्या भुकटीसारखे कण दिसतात, ते त्यांचे. ते काढण्याची रीत माशांच्या डागांसारखीच. पण येथें आळस परवडत नाहीं. झुरळांच्या विष्ठेला जो वास असतो तो त्यांच्या भाऊबंदांना "येथें या, जागा सुरक्षित आहे" असें सांगणारा असतो, हें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे. म्हणजे झुरळें मारलीं आणि डाग तसेच ठेवले, तर आमंत्रणपत्रिका दाराला चिकटवून ठेवल्यासारखेंच होतें. कोपऱ्यांत राजम्याच्या दाण्यासारखी, परंतु त्याहून लहान, गडद तपकिरी कुपी चिकटलेली आढळली तर तींत अंडीं असतात. ती काडीनें सोडवून कागदांत चिरडून टाकावी, केरांत तशीच टाकूं नये.

पलंगाच्या सांध्यांत शाईच्या टिंबांसारखे काळे डाग दिसले तर ते ढेकणांचे. ती पचलेल्या रक्ताची घाण असते. रक्त गरम पाण्यानें घट्ट बसतें, म्हणून आधीं थंड पाणीच घ्यावें. आपल्या आज्या पलंग अंगणांत काढून त्यावर आधणाचें पाणी ओतीत. ढेकूण त्यानें मरत, यांत शंका नाहीं. पण त्या पलंगांना पॉलिश नसे. रॉकेल ओतण्याची जुनी चाल मात्र कोणीं अनुसरूं नये. त्याचा डाग व वास जात नाहीं, आणि आगीचें भय वेगळेंच.

सागवानावर खिळ्यांच्या किंवा बिजागऱ्यांच्या भोंवतीं जे निळसर काळे वलय दिसतें, तें पुष्कळ जण किड्यांचें समजून घांसत बसतात. तें किड्याचें नव्हे. लोखंड, ओल आणि लांकडांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें झालेली ती एक प्रकारची शाई होय. सुतार मंडळी ती ऑक्झॅलिक आम्लानें काढतात; तें विषारी असल्यामुळें मुलाबाळांच्या घरांत त्याची पुडी आणून ठेवूं नये, असें मला वाटतें. ज्याचें काम त्यानेंच करावें.

आतां चौकटीची व कपाटाची हकीकत सांगतें, आणि ती सांगण्यासाठींच खरें म्हणजे मी येथें आलें आहें.

माझ्या माहेरचें बदलापूरचें घर उल्हास नदीपासून फार दूर नाहीं. २६ जुलै २००५ चा पाऊस त्या घरानें पाहिला, आणि २०१९ च्या जुलैचाहि पाहिला. त्या वेळीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून हजारांहून अधिक उतारूंना बाहेर काढावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. पाणी ओसरलें, भिंती वाळल्या असें वाटलें. पुढील हिवाळ्यांत भाचीचा साखरपुडा घरींच करावयाचें ठरलें. मी दोन दिवस आधीं मदतीला गेलें. मधल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत मातीची एक वेडीवांकडी रेघ गेलेली होती; पेन्सिलीइतकी रुंद. "पाहुणे यायचे आहेत आणि हें काय!" असें म्हणून मीं ओल्या फडक्यानें ती साफ पुसून काढली. माती रेषांत शिरून तांबडा डाग राहिला, म्हणून रंगाऱ्याकडून त्यावर रंगाचा एक हात देवविला. काम चांगलें झालें म्हणून माझी वाखाणणीहि झाली.

वर्षभरानें धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, येऊन चौकटीवर जरा बोट वाजवून पाहा." वाजवून पाहिलें तों नारळाच्या रिकाम्या करवंटीसारखा आवाज आला. अंगठ्यानें दाबतांच रंगाचा पापुद्रा आंत गेला. आंत लांकूड नव्हतेंच, मातीचे पदर होते. चौकटीला लागून भिंतींतील कपाट होतें. त्याची मागची फळी गेली होती आणि फळीला टेंकून ठेवलेलीं बाडें गेलीं होतीं. घराचे कागद दुसरीकडे होते म्हणून वांचले. पण आईची पाककृतींची वही, वडिलांनीं तिला नोकरीच्या गांवाहून लिहिलेलीं पत्रें, हीं सारीं मधोमध खाल्लेलीं निघालीं. कडेचीं अक्षरें मात्र शिल्लक होतीं. एका पानावर "मेथ्या चमचाभर" एवढेंच वाचतां आलें. कशांत, तें कळलें नाहीं.

मातीची ती रेघ डाग नव्हती. तो वाळवीचा रस्ता होता. वाळवीच्या कामकरी किड्यांचें अंग मऊ असतें, त्यांना उजेड व कोरडी हवा सोसत नाहीं. म्हणून तीं जमिनीपासून लांकडापर्यंत मातीचा बोगदा बांधून त्यांतून ये-जा करतात. मीं बोगदा मोडला, पण त्यांतून जाणारें सैन्य चौकटीच्या आंत होतें आणि त्याची राजधानी जमिनीखालीं होती. रंग देऊन मीं त्यांचें काम आमच्या नजरेआड केलें. सागवान असून असें कसें झालें, असें भाऊ विचारीत होता. सागाचा गडद गाभा वाळवीला पुष्कळ दिवस दाद देत नाहीं हें खरें. पण गाभ्याबाहेरचें फिकट लांकूड तितकें टिकाऊ नसतें, आणि आमच्या चौकटींत तें भरपूर होतें. पुराच्या ओलीनें बाकीचें काम सोपें केलें.

म्हणून मातीची रेघ दिसली तर ओलें फडकें दूर ठेवा. रेघ कोठून आली व कोठें जाते, तें बॅटरी घेऊन पाहा. कपाट हलवा, मागें पाहा. मध्येंच इंचभर भाग कोरड्या काडीनें मोडून ठेवा. आंत पांढरट किडे दिसले, किंवा तीनचार दिवसांत तो भाग पुन्हां बांधला गेला, तर वस्ती जिवंत आहे असें समजावें. बांधला गेला नाहीं म्हणून निर्धास्तहि होऊं नये. त्यांनीं दुसरी वाट काढलेली असूं शकते. लांकडावर बोट वाजवीत जावें आणि आवाज पोकळ होतो तेथें खडूनें खूण करावी. वाळवीचा बंदोबस्त जमिनींत औषध घालून करावा लागतो. तें जाणत्या माणसाचें काम आहे. त्याला या रेघा आणि खुणा जागेवर दिसूं द्याव्या. शिवाय पाणी कोठून झिरपतें, तें शोधून बंद करावें, नाहींतर औषधाचे पैसे वाया जातात. हें सारें झाल्यावर माती पूर्ण कोरडी असतांना ब्रशानें झाडून काढावी. मग राहिलेल्या तांबूस छटेला ओलसर फडकें चालेल. पहिल्या पावसांत दिव्याभोंवतीं येऊन खिडकीवर पंख टाकून जातात, तीहि वाळवीच. पंख झाडून टाकावे, पण ते घराच्या आंतूनच निघालेले दिसले तर शोध घ्यावा.

असाच दुसरा इशारा पिठाचा असतो. नवें कपाट किंवा बांबूची वस्तु आणल्यावर कांहीं महिन्यांनीं तिच्याखालीं मैद्यासारखें पिंवळट पीठ पडतें. बायका तें केर म्हणून झाडतात. मीहि झाडीत असें. वर पाहिलें तर टांचणीच्या डोक्याएवढीं गोल भोकें दिसतात. फिकट लांकडांतील पिष्ट खाऊन मोठा झालेला भुंगा त्यांतून बाहेर पडलेला असतो. पीठ झाडून त्या जागीं काळा कागद पसरावा. आठवड्यानें पुन्हां पीठ दिसलें तर आंत अजून खाणारे आहेत. बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचें पाणी यावर लागू पडतें, पण तें कोऱ्या लांकडांतच मुरतें. पॉलिश झाल्यावर वरून फांसून उपयोग नाहीं. मग दुकानदारास सामान परत दाखवावें हें बरें. खरेदीच्या वेळींच फळ्यांच्या न रंगविलेल्या बाजू पाहून घेण्यास संकोच करूं नये. उल्हासनगरचे दुकानदार त्यानें रागावत नाहींत, असा माझा अनुभव आहे. फार तर चहा मागवितात.

झोपाळ्याचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. त्या वृद्ध गृहस्थांनीं पट्टा बारीक कागदानें साफ केला, त्यावर पातळ लाखेचे थर दिले, प्रत्येक थर वाळूं दिला, आणि दोन दिवसांनीं झोपाळा घरीं पाठविला. रंग जुळला, पण अगदीं बेमालूम नाहीं. उन्हाची तिरीप आली कीं मला पट्ट्याची कड अजून ओळखूं येते. काल तेथेंच माशीचे दोन नवे ठिपके दिसले. आज घरीं गेल्यावर पिळलेलें फडकें घेऊन तेथें बसावयाचें आहे.